सुरखाबाचे पर

लहानपणी मला वाटायचं, सुरखाब हा निजामाच्या दरबारातला कुणी सरदार असणार. नवाब, सुरखाब, कानाला दोन्ही सारखेच. डोक्यावर भली मोठी पगडी, पगडीत परांचा, म्हणजे पिसांचा, तुरा आणि स्वभाव असा की बसल्या जागेवरून तसूभर हलायचा नाही. हे चित्र माझ्या डोक्यात घातलं ते दादांनी. दादा म्हणजे माझे वडील. एसटीत कंडक्टर होते. खचाखच भरलेल्या गाडीत कुणी सीटवर ऐसपैस पसरलेला दिसला की ते म्हणायचे, "का हो पावणं, सुरखाबाचे पर लागलेत का तुम्हाला? सरका की जरा!" सगळी गाडी हसायची आणि तो माणूस निमूट सरकायचा.

आमच्या गावी, लासूर स्टेशनला, घरीही तेच. मी भांडी घासायला नाक मुरडलं, की सुरखाबाचे पर. कॉलेजसाठी औरंगाबादला, म्हणजे आताच्या संभाजीनगरला, राहायचा हट्ट धरला तेव्हाही तेच. पुढं त्याच शहरात एका कॉलेजच्या ग्रंथालयात माझी सगळी नोकरी झाली. कपाटभर शब्दकोश हाताखाली होते, पण एकदाही तो शब्द उघडून बघावासा वाटला नाही. आपल्या घरातला शब्द, त्यात काय बघायचं?

तो शब्द दादांना कुठून मिळाला, याबद्दल दोन मतं होती. दादा म्हणायचे, शाळेत. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं तेव्हा ते तिसरीत होते. तोवरची शाळा उर्दू, पुढची मराठी, आणि दोन्हीतलं थोडं थोडं जिभेवर राहिलेलं. चाचा म्हणायचे, "साफ झूट. मी शिकवला." चाचा म्हणजे दादांच्या गाडीचे ड्रायव्हर. वीस वर्षं दोघं एकाच गाडीवर होते. एकमेकांना नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. हा त्याला "डायवर" म्हणणार, तो ह्याला "कंडक्टर". चाचा शहरातच राहायचे, तिथल्या माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून.

आता माझं सांगते. मी तापट आहे. लपवून उपयोग नाही, ओळखणारे सगळे सांगतीलच. चाळिशी उलटल्यावर मी चारचाकी शिकायचं ठरवलं आणि एक जुनी पांढरी गाडी घेतली. नवरा नोकरीनिमित्त जालन्याला, मुलं हॉस्टेलात, म्हटलं आता शिकायचं नाही तर कधी? हौसेनं गाडी घेऊन लासूरला गेले, शेजारी शिकवणारा बसवून. दादा ओट्यावर बसले होते. त्यांनी गाडीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि शेजारपाजारचे चार लोक उभे असताना म्हणाले, "दारात एसटी थांबती आपल्या. तुला काय सुरखाबाचे पर लागलेत का?"

या वेळी त्यात थट्टा नव्हती. लोक हसले तसं माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "लागलेत! काय म्हणणं आहे?" आणि पाणीसुद्धा न पिता मागं फिरले.

तीन दिवस मी फोन केला नाही. चौथ्या दिवशी सकाळी शेजाऱ्यांचा फोन आला. दादांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली.

डॉक्टर म्हणाले, समजतं त्यांना सगळं. बोलणं किती परत येईल ते सांगता येत नाही. मी त्यांना माझ्याकडं आणलं. आई आधीच गेलेली, दुसरं कुणी नव्हतं. महिना गेला, चार महिने गेले. व्यायाम शिकवणारी बाई यायची, म्हणायची, "आजोबा, आ करा, ई करा." आजोबा भिंतीकडं बघायचे. मला सकाळ-संध्याकाळ एकच छळायचं. ज्या माणसानं आयुष्यभर बोलून गाडी चालवली, त्याचं माझ्याशी बोललेलं शेवटचं वाक्य ते होतं. आणि माझं त्यांना शेवटचं उत्तर ते होतं. हे असंच राहणार का? भाजी निवडताना, पुस्तकांवर शिक्के मारताना, तेच. मला त्यांच्या तोंडून दुसरं काहीतरी ऐकायचं होतं. शिवी चालली असती.

चाचांनी एक मोठं काम केलं. शहागंजच्या जुन्या बाजारात हिंडून त्यांनी कंडक्टरचा तिकिटाला भोक पाडायचा एक जुना पंच शोधून आणला आणि दादांच्या डाव्या हातात दिला. "ले कंडक्टर. आता बेल मार." दादांनी तो पलंगाच्या दांडीवर दोनदा आपटला. टक टक. एसटीत एक घंटी म्हणजे थांबा, दोन घंट्या म्हणजे चला, हे मराठवाड्यातल्या शेंबड्या पोराला कळतं. त्या दिवसापासून आमच्या घरात दादांची भाषा सुरू झाली. चहा हवा का? टक टक. आणखी पोळी? टक. टीव्ही लावू? टक टक. मी स्वयंपाकघरातून ओरडून विचारायचे आणि बरोबर उत्तर यायचं. चाचांचे हे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

फक्त एका ठिकाणी दादा हटून बसले. दवाखान्यात न्यायला त्यांना माझ्या गाडीत मागं बसवलं आणि मी चावी फिरवली, की मागून यायचं, टक. थांबा. दर वेळी. उलटी यायची म्हणून नाही, भीती म्हणूनही नाही. चाचांनी बोलावलेल्या रिक्षात ते खुशाल बसायचे, तिथं डबल बेल द्यायचे. माझ्याच गाडीत ती एक टक. मी म्हणायचे, "दादा, दवाखान्यात जायचंय, थांबून कसं चालेल?" आणि गाडी काढायचे. डोळे भरून यायचे, आणि रागही यायचा. आजारी माणसावर कसला राग काढतेस, असं स्वतःलाच बोलायचे. पण अर्थ मला कळत होता. त्यांचं ते वाक्य अजून उभं होतं.

नाताळच्या सुट्टीत दरवर्षी आम्ही कुठंतरी जायचो. त्या वर्षी कुठं जाणार? व्यायामवाली बाई म्हणाली, आजोबांना बाहेर न्या, नवीन काहीतरी दाखवा. मी चाचांना विचारलं. ते म्हणाले, "पैठणला चल. धरणावर पक्षी बघायचे." मी म्हटलं, तुम्ही दोघं पैठणच्या गाडीवर इतकी वर्षं होतात, आणि पक्षी बघितले नाहीत? तर म्हणे, रात्रीचा मुक्काम पैठणला, सकाळी पहिली गाडी काढायला निघालो की डोक्यावरून रांगाच्या रांगा जायच्या; पण थांबायचं कसं, गाडीची वेळ झालेली. "कंडक्टर रोज म्हणायचा, रिटायर झाल्यावर होडीत बसून बघू. झाला की रिटायर. होडी राहिलीच."

मी खोलीत जाऊन विचारलं, "दादा, नाथसागरात होडीनं पक्षी बघायला जायचं?" टक टक. इतक्या जोरात, की चहाचा कप हलला.

दोन दिवसांची सहल ठरली. पुढं माझ्या शेजारी चाचा, मागं दादा उशांमध्ये रेलून. चावी फिरवली. टक. मी गाडी काढली. चाचा मात्र सगळा रस्ता बोलत होते. जन्मभर एसटी चालवलेला माणूस शेजारी बसला की काय होतं, ते मला विचारा. बिडकीन येईपर्यंत त्यांनी पायाखाली नसलेला ब्रेक पन्नास वेळा दाबला. "बेटी, क्लच! अगं गियर हाय ते, वरवंटा न्हाई!" शेवटी मी गाडी बाजूला घेतली आणि म्हणाले, "चाचा, तुम्ही चालवा मग." तर हा माणूस हात जोडतो, "नक्को. माझ्या डोळ्याला आता रस्ता दोन दोन दिसतो. तूच चालव, लई चांगली चालवती." चांगली चालवते तर मग बोलता कशाला, म्हटलं. बिडकीनला चहा प्यायलो, दादांना बशीत पाजला, आणि पुढं पैठणपर्यंत चाचा गप्प बसले. पाय तेवढा चालू होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काठावर गेलो. त्या काळी पक्षी बघायला येणाऱ्यांना मच्छीमारच आपल्या होडीतून फिरवून आणायचे. आमचा होडीवाला पन्नाशीचा, सडपातळ, कमी बोलणारा माणूस. दादांकडं त्यानं एकदा पाहिलं. मला वाटलं, आता नाही म्हणणार. मी बोलायच्या आधीच भांडायच्या तयारीत होते. काठावरच्या टपरीवरून मी प्लास्टिकची खुर्चीही उचलून आणली होती, की ही ठेवा होडीत आणि बसवा. तो म्हणाला, "खुर्ची नगं ताई, उलटंल." झालं, मी तोंड उघडलं. पण तो पाठ फिरवून झोपडीकडं गेला आणि कडब्याचं भुसकट भरलेलं एक पोतं खांद्यावर घेऊन आला. ते होडीच्या तळाला नीट दाबून ठेवलं, वर गोधडी टाकली. मग त्यानं आणि चाचांनी हातात हात गुंतवून बैठक केली आणि दादांना अलगद उचलून त्या पोत्याला टेकवून बसवलं. दादांच्या अंगात तरंगायचं जाकीट घातलं, उजव्या लुळ्या हाताखाली आणखी एक घडी सरकवली. आमच्या घरात मी इतके महिने उशांशी झटत होते, पण त्यांना इतकं आरामात बसलेलं मी बघितलं नव्हतं. भांडणाचे शब्द मी गिळले. आजही त्या माणसाची आठवण आली की हात आपोआप जोडले जातात.

"निघायचं का बाबा?" त्यानं विचारलं.

दादांनी होडीच्या फळीवर पंच आपटला. टक टक.

होडीवाला हसला. "एसटीतले दिसत्यात."

"हौ ना," चाचा म्हणाले, "पाण्यातबी डूटी सोडंना."

मीही हसले. पण खरं सांगते, मनात खुपलं. अनोळखी माणसाच्या होडीला डबल बेल, आणि माझ्या गाडीला नाही.

पाणी शांत होतं, वर धुकं होतं. वल्ह्याचा आवाज सोडला तर काही नाही. होडीवाला हळू आवाजात दाखवत होता आणि आम्हालाही हळू बोला म्हणत होता. लांब गुलाबी-पांढरी रांग, ते रोहित पक्षी. पाण्यात चोच इकडून तिकडं फिरवणारे पांढरे, त्यांची चोच पुढं चपटी, म्हणून त्यांना चमचा म्हणतात. चाचा लगेच म्हणाले, "आमच्या डेपोतबी होते दोन-तीन." दादांचे खांदे हलले. ते हसत होते! आवाज नाही, पण हसत होते. किती दिवसांनी. मी दुसरीकडं बघितलं आणि नाक पुसलं.

मग एक चिखलाचं बेट आलं. त्यावर वीस-पंचवीस पक्षी बसले होते. बदकांहून मोठे, अंगाचा रंग विटेसारखा, डोकं फिकट. खास काही नाही. आमच्याकडच्या मातीत बसले तर दिसायचे नाहीत. होडीवाल्यानं वल्हं थांबवलं. कुजबुजत म्हणाला, "हे चक्रवाक. आम्ही चकवा म्हणतो. हैदराबादचे एक म्हातारे साहेब दर साली यायचे, ते ह्याला सुरखाब म्हणायचे."

"काय?" मी म्हणाले.

"सुरखाब."

आता माझं काय झालं असेल बघा. इतकी वर्षं तो पगडीवाला सरदार माझ्या डोक्यात बसलेला. मला वाटलं, हा माणूस आमची चेष्टा करतोय. चाचांनीच काठावर याला शिकवून ठेवलं असणार. माझा आवाज चढला तो चढलाच. "सुरखाब म्हणजे पक्षी? खरा पक्षी? थट्टा करताय का माझी?"

"ताई, हळू—" तो म्हणेपर्यंत उशीर झाला होता. माझ्या ओरडण्यानं सगळा थवा उठला.

आणि त्यांनी पंख उघडले. बसलेले असताना जे मातकट, विटकरी होते, त्यांच्या पंखांखालून लखलखीत पांढरं निघालं, त्याला काळी किनार, आणि मध्ये एक हिरवा पट्टा, उन्हात पैठणीच्या काठासारखा चमकणारा. वीस-पंचवीस जोड्या पंख एकदम, आमच्या डोक्यावरून. घुमल्यासारखे ओरडत गेले. चाचा उभेच राहिले होडीत, होडीवाल्यानं त्यांना सदरा धरून खाली बसवलं. "या अल्ला," चाचा म्हणाले, "हे पर व्हय! अरे कंडक्टर, आपण जन्मभर लोकांना हे म्हणत होतो?"

मी दादांकडं बघितलं. ते मान मागं टाकून बघत होते. थवा लांब जाईपर्यंत बघत राहिले. मग त्यांनी मान वळवली आणि माझ्याकडं बघितलं. तोंड वाकडं झालं, ओठ हलले, गळ्याच्या शिरा ताणल्या. मला वाटलं, पुन्हा झटका आला. मी पुढं सरकून त्यांचा हात धरला.

त्यांनी तो सोडवून घेतला. डाव्या हातातल्या पंचानं आधी वर आभाळाकडं दाखवलं. मग तो पंच माझ्या छातीवर टेकवला.

"ला…" ते म्हणाले. "ला… लाग…"

पंच माझ्या छातीवर तसाच होता.

"लागलेत," दादा म्हणाले.

माझंच उत्तर. ओट्यासमोर चार लोकांत मी रागानं त्यांच्या तोंडावर मारलेलं उत्तर त्यांनी इतके महिने जपून ठेवलं होतं आणि आता मला परत दिलं होतं. त्यात राग नव्हता. हो बाई, लागलेत तुला पर, मी बघितले. एवढंच त्या शब्दात होतं, आणि ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मी रडले. चांगली हमसून रडले, त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून. चाचाही डोळे पुसत होते आणि म्हणत होते, धुक्यानं पाणी येतंय. होडीवाला पाठ करून बसला होता आणि उगीच होडीतलं पाणी डब्यानं बाहेर टाकत होता. होडीत पाणी नव्हतं. थोड्या वेळानं मी म्हणाले, "दादा, पुन्हा म्हणा ना. एकदाच." मग म्हणाले, आणखी एकदा. तिसऱ्यांदा म्हटल्यावर त्यांनी फळीवर पंच आपटला. टक. पुरे आता. मग आम्ही सगळेच हसायला लागलो.

पुढं दादा दोन वर्षं होते. शब्द पाच-सहाच आले; त्यात "चहा" आला, "डायवर" आला. पण "लागलेत" हा त्यांचा आवडता राहिला. भाजी चांगली झाली, लागलेत. नातवाला नोकरी लागली, लागलेत. परका माणूस गोंधळून जायचा. मी नाही. देवानं मला ती दोन वर्षं दिली नसती तरी चाललं असतं, असं मी म्हणणार नाही. पण त्या बेटापाशीच माझं मागणं पुरं झालं होतं. वरचं सगळं जास्तीचं मिळालं.

त्या दिवशी काठाला लागलो तेव्हा ऊन चढलं होतं. होडीवाल्यानं आणि चाचांनी पुन्हा हातांची बैठक करून दादांना गाडीपर्यंत आणलं. ते भुसकटाचं पोतं होडीवाल्यानं आमच्या मागच्या सीटवर ठेवून दिलं, परत घेईना. "बाबाला बरं वाटतंय त्याच्यावर, ऱ्हाऊ द्या," म्हणाला. मी चाचांसाठी पुढचं दार उघडलं. ते बसेनात.

"मी मागं बसतो कंडक्टरजवळ," ते म्हणाले. "तुला आता माझा ब्रेक कशाला?"

मी एकटी पुढं बसले. आरसा नीट केला. आरशात दोन म्हातारे खांद्याला खांदा लावून बसलेले दिसत होते. मी चावी फिरवली आणि नेहमीसारखी ती एक टक यायची वाट बघत थांबले.

टक.

माझा हात गियरवर तसाच राहिला.

टक.

डबल बेल होती. मी गाडी सोडली.